गांजा: धुराऐवजी कमी तापमानाची वाफ (तापमान, दळण, मात्रा, सफाई)

वाफारा

चिलीम किंवा जॉइंट सोडून वाफेकडे वळणाऱ्यांचे तेच ते प्रश्न दहा धाग्यांत विखुरले आहेत, म्हणून सगळं एका जागी आणतोय. जिथे हे कायद्याने चालतं किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे, तिथल्या लोकांसाठी हा धागा आहे. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये.

झुरका ओढताना निखारा ६०० अंशांच्या वर जातो. तिथे फूल, देठ, कागद सगळंच जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड, डांबर, बेंझिन पोटभर तयार होतं. टीएचसी (नशा आणणारं मुख्य द्रव्य) किंवा सीबीडी (नशा न आणणारं दुसरं द्रव्य) मिळवायला यातलं काहीही लागत नाही. ही द्रव्यं फुलावरच्या चिकट, दवबिंदूसारख्या ग्रंथींमध्ये असतात आणि साधारण १६० ते २१० अंशांत हवेबरोबर निघून येतात. वनस्पतीचा सांगाडा करपायला त्याहून जास्त उष्णता लागते, २३० च्या आसपास. या दोन आकड्यांमधल्या जागेत राहायचं, इतकंच हे तंत्र आहे. पण जागा अरुंद आहे आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडा दर वेळी खरा नसतो. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

कच्च्या फुलात टीएचसी जवळपास नसतंच, टीएचसीए हे त्याचं आम्लरूप असतं. तापवल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टीएचसी उरतं. रेणूचं वजन कमी होतं, म्हणून टीएचसीएच्या आकड्याला ०.८७७ ने गुणायचं. लेबलवर २० टक्के टीएचसीए असेल तर जास्तीत जास्त १७.५ टक्के टीएचसी हाती लागेल. हे रूपांतर १०५–१२० अंशांपासून सुरू होतं, पण तिथे संथ असतं. वाफेच्या तापमानाला ते चेंबरमध्येच (यंत्रात फूल भरायच्या जागेत) झपाट्याने उरकतं, त्यामुळे फूल आधी वेगळं भाजून घ्यायची गरज नाही.

हातात धरायच्या यंत्रासाठी साधी पद्धत: ०.१ ग्रॅम दळलेलं फूल, १७५ अंश, आकडा गाठल्यावर आणखी ३०–४० सेकंद थांबा. मग ८ ते १० सेकंदांचा संथ झुरका. तीन-चार झुरक्यांनी चव पातळ झाली की १८५. शेवटी १९५. तिथेही वाफ विरळ झाली की थांबायचं.

रानवारा

एक तक्ता सगळीकडे फिरतो. त्यात टीएचसी १५७ अंशांना उकळतं असं आहे. मग १६० वर ठेवून सगळं निघायला हवं ना? १६० वर तर नुसती चव येते आणि वाफ दिसतही नाही.

अंशमापक

@रानवारा, तो तक्ता डोक्यातून काढून टाका. १५७ हा आकडा खरा आहे, पण तो जवळजवळ निर्वात नळीत, ०.०५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला मोजलेला आहे. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब ७६० मिलिमीटर. दाबाचा उल्लेख गळून पडला आणि आकडा तेवढा तक्त्यांतून फिरत राहिला. त्याच तक्त्यात फुलातली सुगंधी द्रव्यंही असतात. कॅरियोफायलीन ११९ किंवा १३० अंशांना उकळतं असं लिहिलेलं दिसेल. साध्या दाबाला ते २५० च्या पुढचं आहे. पायनीन १५६, मायर्सीन १६७ च्या आसपास, लिमोनीन १७६, लिनालूल १९८ हे मात्र साध्या दाबाचे आकडे आहेत. एकाच तक्त्यात दोन वेगळ्या दाबांचे आकडे शेजारीशेजारी बसलेत, म्हणून त्याचा उपयोग नाही.

दुसरं म्हणजे, वाफ व्हायला उकळावंच लागतं असं नाही. दोरीवरचे कपडे पाणी न उकळताच वाळतात. फुलामधून गरम हवा वाहत असली की उत्कलनबिंदूच्या बऱ्याच खाली टीएचसी हवेत जाऊ लागतं, फक्त वेग कमी असतो. तापमान वाढवलं की वेग वाढतो. '१५७ ला दार उघडलं' असं काही घडत नाही, उतार आहे तो. म्हणून १६० वर सुगंधी तेलं भरपूर निघतात, टीएचसी थोडं निघतं, आणि १८५–२०० मध्ये ते खरं सुटतं.

जाईजुई

म्हणजे 'कमी तापमान' म्हणायचं तरी कशाला? कोणी १७० म्हणतं, कोणी २००.

वाफारा

ढोबळ भाग पाडता येतात. १६५–१८०: चव स्वच्छ, वाफ विरळ, घसा शांत, परिणाम हलका. १८०–१९५: रोजच्या वापराचा मधला पट्टा. १९५–२१०: दाट वाफ, भाजक्या लाह्यांसारखी चव, घशाला जाणवणारी, परिणाम जड. २१० च्या वर माझ्या मते कारण नसताना जाऊ नये. तिथे करपण्याची हद्द जवळ येते आणि यंत्राच्या मोजणीतली १०–१५ अंशांची चूक तुम्हाला पलीकडे ढकलते.

काचनळी

थोडा मतभेद. दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी वापरणाऱ्याला १८५ वर थांबायला सांगणं बरोबर नाही. बरंच द्रव्य चुऱ्यातच राहतं, आराम मिळत नाही, आणि माणूस पुन्हा भरत बसतो. नेदरलँड्समध्ये औषधी गांजासाठी टेबलावरच्या यंत्राला २१० अंशांची शिफारस केली जाते. वैद्यकीय वापरात मात्रा दर वेळी सारखी यावी लागते, म्हणून तापमान थोडं चढं ठेवतात. 'कमी' हे धुराच्या ६००–९०० च्या तुलनेत आहे, हे विसरू नका.

वाफारा

मान्य. पण २१० ही शिफारस चांगल्या टेबल-यंत्राची आहे, जिथे गरम हवाच फुलातून जाते आणि तापमानावर पक्की पकड असते. खिशातल्या स्वस्त यंत्रावर २१० दाखवत असताना चेंबरची भिंत २२५ ला असू शकते.

अंशमापक

इथे यंत्रांचे प्रकार सांगायलाच हवेत. शाळेत शिकलेलं वहन आणि अभिसरण इथे शब्दशः लागू होतं.

वहनावर चालणारं यंत्र म्हणजे तापलेली भांडी. चेंबरची भिंत गरम, तिला टेकलेला चुरा आधी भाजतो, मधला कच्चा राहतो. झुरका ओढा न ओढा, भाजणं चालूच असतं. म्हणून यात चेंबर भरलेलं हवं, हलकं दाबलेलं, दळण बारीक, आणि निम्म्यावर झाकण उघडून काडीने ढवळायचं. उघडताना यंत्र बंद करा, भिंत बोट भाजते.

अभिसरणावर चालणारं यंत्र हवा तापवतं आणि ती हवा फुलातून ओढली जाते. झुरका थांबला की बरंचसं भाजणंही थांबतं. यात दळण मध्यम, भरड साखरेएवढं, आणि भरणं सैल. दाबून भरलं की हवेला वाट मिळत नाही, किंवा ती एकाच भोकातून जाते आणि तिथेच काळा ठिपका पडतो. बाकीचं हिरवंच राहतं. वापरून झालेला चुरा कागदावर उलटा करून बघितला की हे लगेच कळतं: मधोमध काळपट खळगा आणि कडेला पोपटी कडं दिसलं तर भरणं घट्ट होतं किंवा दळण विषम होतं.

पडद्यावरचा आकडा बहुतेक यंत्रांत हीटरजवळच्या सेन्सरचा असतो, फुलाचा नव्हे. जोरात ओढलं की गार हवा आत घुसते, फूल १५–२० अंशांनी थंड पडतं आणि सेन्सरला ते उशिरा कळतं. मग हीटर जोर लावतो आणि पुढच्या क्षणी आकड्याच्या वर जातो. संथ ओढा असं सगळे सांगतात त्याचं कारण हे आहे.

रानवारा

आकड्यावर विसंबायचं नाही, तर मग कशावर?

काचनळी

रंगावर आणि जिभेवर. वापरलेला चुरा फिकट सोनेरी-हिरवट असेल तर अजून बरंच शिल्लक आहे. चहाच्या भुकटीपेक्षा फिका, एकसारखा तपकिरी असेल तर नेमकं झालं. गडद कॉफीसारखा म्हणजे शेवटचे झुरके नुसते घसा खरवडणारे होते. कुठेही काळा कण किंवा पांढरी राख दिसली तर जळण झालं आहे, आणि पुढच्या वेळी १० अंश खाली या. चवीचा क्रम असा असतो: आधी फुलाचा ताजा वास, मग भाजलेल्या दाण्यासारखी, मग लाह्या, मग करपट. लाह्यांची चव आली की संपलं समजा.

ढग किती दिसतो यावरून मात्रा मोजू नका. १७५ वर वाफ डोळ्यांना जवळपास दिसत नाही, तरी द्रव्य आत जात असतं. दिसत नाही म्हणून आकडा २१० वर नेणं आणि लागोपाठ सहा झुरके ओढणं ही नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक.

जाईजुई

मात्रेचा हिशेब कोणी मांडेल का? धुराइतकंच फूल घ्यायचं का?

मोजपट्टी

नाही, कमी घ्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात क्वचित वापर करणाऱ्या १७ निरोगी लोकांना १० आणि २५ मिलिग्रॅम टीएचसी असलेलं फूल एकदा धुरातून आणि एकदा वाफेतून दिलं. तेवढ्याच मात्रेला वाफेतून रक्तात टीएचसी जास्त चढलं आणि परिणामही जोरदार झाला. कारण सरळ आहे. जळताना काही टीएचसी नष्ट होतं आणि बरंच दोन झुरक्यांच्या मधे नुसतं धुमसून हवेत जातं.

हिशेब: ०.१ ग्रॅम म्हणजे १०० मिलिग्रॅम फूल, १५ टक्क्यांचं. त्यात १५ मिलिग्रॅम टीएचसी. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये २००६ साली व्होल्कॅनो हे वाफ फुग्यात भरणारं टेबल-यंत्र तपासलं तेव्हा भरलेल्या शुद्ध टीएचसीपैकी सरासरी ५४ टक्के फुग्यात उतरलं होतं. तोच आकडा धरला तर वाफेत सुमारे ८ मिलिग्रॅम. त्यातलं काही उच्छ्वासाबरोबर परत जातं. नव्या माणसाला २ ते २.५ मिलिग्रॅम हीच सुरुवातीची मात्रा, म्हणजे या भरण्यातले एक-दोन झुरके. त्यानंतर यंत्र खाली ठेवायचं आणि १५ मिनिटं थांबायचं. परिणाम दोन-तीन मिनिटांत जाणवायला लागतो, पण पूर्ण चढायला १०–१५ मिनिटं घेतो आणि दोन ते चार तास टिकतो.

वजनकाटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा घ्या. डोळ्यांनी अंदाज करणारे नेहमी दुप्पट भरतात. लहान मात्रेचे धातूचे कॅप्सूल असतात, त्यात ०.१ ते ०.१५ ग्रॅम बसतं. आठवड्याचे एकदम मोजून भरून ठेवले की रोजचा हिशेब आपोआप सारखा राहतो आणि चेंबरही कमी घाण होतं.

पानगळ

एक बाजू राहून जाते आहे. वाफ म्हणजे निर्धोक असं नाही. फुफ्फुसाला धुरातलं डांबर आणि मोनॉक्साइड टळतं, हा फायदा खरा आहे. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या तुलनेत वाफेनंतर उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ वाढला नाही, आणि रक्तातलं टीएचसी धुराइतकंच होतं. खोकला, कफ, घरघर कमी होण्याची अपेक्षाही रास्त आहे. पण टीएचसी ते टीएचसीच. नाडी वाढणं, घबराट, स्मृतीवरचा परिणाम, सवय लागणं, यातलं काहीही तापमान कमी केल्याने जात नाही. हृदयविकार, मनोविकृतीचा स्वतःचा किंवा घराण्यातला इतिहास, गरोदरपण, वाढत्या वयाची मुलं, इथे यंत्र कितीही चांगलं असलं तरी उत्तर 'नको' हेच आहे. गाडी चालवणं नको. मूत्रतपासणीत तेवढंच सापडतं. दम्याच्या काही रुग्णांना गरम कोरडी वाफही चालत नाही.

काचनळी

@पानगळ, बरोबर. आणि त्यात एक घोळ वारंवार होतो तो इथेच मिटवू. २०१९ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसं निकामी होऊन लोक रुग्णालयात गेले ते मुख्यतः गांजाच्या तेलाच्या कार्ट्रिजमुळे (तेल भरलेल्या तयार नळ्यांमुळे). फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. तेल दाट दिसावं म्हणून त्यात व्हिटॅमिन ई अॅसिटेट घातलं होतं. त्वचेवर किंवा पोटात ते चालतं, फुफ्फुसात ते घातक आहे. या धाग्यात ज्याची चर्चा आहे ते कोरडं फूल तापवणारं यंत्र वेगळं. बाहेरून दोन्हींना 'व्हेप' म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. कुठून आलं ते माहीत नसलेलं कार्ट्रिज ओढू नका, मग ते कितीही कमी तापमानावर असो.

रानवारा

फूल स्वतः कसं असावं? यंत्र १८५ वर असूनही पहिले दोन झुरके गरम पाण्याच्या वाफेसारखे लागतात आणि ओठ भाजतात.

मोजपट्टी

फूल ओलं आहे. पाणी १०० अंशांना निघतं आणि पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा किती तरी जास्त उष्णता घेऊन येते, म्हणून ओठाला चटका. बंद बरणीतली आर्द्रता ५५ ते ६२ टक्के ठेवा. दोन बाजूंनी काम करणारी ओलावा-पुडी बरणीत टाकली की पुरे. देठ वाकवून बघा: कट् आवाज होऊन तुटला पाहिजे, पण फूल बोटांत भुकटी होऊन पडता कामा नये. फार कोरडं फूल लवकर करपतं, घसा खवखवतो आणि दळताना ग्रंथी झडून ग्राइंडरला चिकटतात. थोडं ओलं असेल तर दळून कागदावर पसरून २०–३० मिनिटं ठेवा, किंवा यंत्रात १५० वर एक मिनिट झुरका न ओढता राहू द्या.

अंशमापक

ओलं ठेवण्यात आणखी एक धोका बुरशीचा. १८५–२०० अंशांची वाफ बुरशी मारेल हा भरवसा धरू नका. चेंबरच्या सगळ्या कोपऱ्यांत तेवढी उष्णता पोचत नाही, आणि अॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू श्वासातून थेट फुफ्फुसात जातात. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांसाठी हे जिवावर बेतू शकतं. त्यांनी तपासलेलं, निर्जंतुक केलेलं औषधी फूलच वापरावं आणि ते आधी डॉक्टरांशी बोलून. बरणी उघडल्यावर ओल्या तळघरासारखा वास आला किंवा कापसासारखे पांढरे धागे दिसले की फेकून द्या. भिंगाखाली बघा: ग्रंथी काचेच्या टाचण्यांसारख्या, टोकाला गोळी असलेल्या दिसतात. बुरशी जाळ्यासारखी पसरते.

जाईजुई

नवीन यंत्र घेताना काय पाहावं? कंपनीचं नाव नको, गुण सांगा.

वाफारा

वाफेची वाट सर्वात आधी. फुलापासून ओठापर्यंत काच, स्टेनलेस स्टील, सिरॅमिक, टायटॅनियम चालेल. रंग दिलेला पत्रा, डिंक, सोल्डरचे उघडे टाके, तापणारं प्लास्टिक चालणार नाही. हीटर, सर्किट आणि हवेची वाट एकाच पोकळीत असतील तर घेऊ नका. तापमान एक-एक अंशाने बदलता यावं. नुसते चार रंगांचे दिवे असतील तर आपण कुठे आहोत ते कळत नाही. बॅटरी बाहेर काढता येणारी असावी, बहुतेक वेळा ती १८६५० आकाराची असते. तिचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलं की पत्रा उघडा पडतो आणि शॉर्ट होऊ शकतो. वेष्टन बदला, फुगलेली बॅटरी वापरू नका, सुटी बॅटरी किल्ल्यांसोबत खिशात टाकू नका.

पहिल्या वापराआधी रिकामं यंत्र सर्वात वरच्या तापमानावर तीन वेळा पूर्ण चालवा, खिडकी उघडी ठेवून. कारखान्यातलं तेल त्यात निघून जातं. तीन फेऱ्यांनंतरही प्लास्टिकचा वास येत असेल तर यंत्र परत करा. 'वापरत राहिलं की जाईल' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

रानवारा

झुरका ओढायला दिवसेंदिवस जड होत चाललाय, स्ट्रॉने मध ओढल्यासारखं.

काचनळी

जाळी बुजली आहे. वाफ थंड झाली की टीएचसी पुन्हा घट्ट, मधासारखी राळ होऊन बसते, आणि ती सगळ्यात आधी जाळीवर आणि माउथपीसच्या वळणात साचते. दर १०–१५ भरण्यांनंतर सफाई हवी. यंत्र कोमट असतानाच कोरड्या ब्रशने चेंबर झाडा, गार झाल्यावर चुरा चिकटून बसतो. सुटे होणारे काचेचे आणि स्टीलचे भाग ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धा तास बुडवा, गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. चेंबरला अल्कोहोलने नुसता ओलसर केलेला कापसाचा बोळा, ठिबकणारा नको. थेंब हीटरच्या सर्किटमध्ये उतरला की यंत्र संपलं. प्लास्टिक, सिलिकॉन आणि रबरी कड्या अल्कोहोलमध्ये बुडवू नका, त्या फुगतात किंवा तडकतात. त्यांना भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी. सगळं जोडल्यावर रिकामं यंत्र एकदा १८० वर चालवा, पण अल्कोहोल उडून गेल्याची खात्री झाल्यावरच. त्याची वाफ पेट घेते.

जाईजुई

आणि वापरलेला चुरा? फेकायचा का?

मोजपट्टी

१८५ वर थांबत असाल तर त्यात टीएचसी शिल्लक असतं आणि ते आता खाल्लं तरी लागू पडणारं असतं, कारण रूपांतर आधीच झालेलं आहे. म्हणून तो उघड्यावर, मुलांच्या किंवा कुत्र्या-मांजरांच्या तोंडाला लागेल असा टाकू नका. झाकणबंद डबीत, नाव लिहून, कुलपात. त्यात नेमकं किती उरलंय ते घरी मोजता येत नाही आणि खाल्लेलं चढायला एक-दोन तास लावतं, सहा-आठ तास उतरत नाही. वाफेचा अंदाज खाण्याला लावणारे इथेच फसतात.

पानगळ

तंबाखू मिसळणाऱ्यांसाठीही लिहा. बरेच जण जॉइंटची सवय म्हणून चेंबरमध्येही मिसळतात.

अंशमापक

मिसळू नका. याच तापमानाला निकोटीन छान निघतं, म्हणजे धूर सुटला तरी तंबाखूचं व्यसन जसंच्या तसं राहतं. शिवाय तंबाखूत ओलावा आणि साखर असते, तिचा चिकट काळा थर चेंबरला धरतो आणि अल्कोहोलनेही नीट निघत नाही. तंबाखू सोडताना पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड होते आणि लोक समजतात की वाफेत 'मजा नाही'. ती निकोटीनची ओढ असते. तेवढे दिवस डॉक्टरांना विचारून निकोटीनचा पॅच लावा, आणि चेंबरमध्ये फक्त फूल.

रानवारा

जाळी बुडवून ठेवली आहे, फूल कागदावर पसरलंय. वाळल्यावर ०.१ ग्रॅम, मध्यम दळण, सैल भरणं, १७५. अभिसरणाचं यंत्र आहे, मधे ढवळायची गरज आहे का?

वाफारा

१८५ वर जायच्या आधी एकदा. यंत्र बंद करून, काडीने कडेचा चुरा मधे ओढा, दाबू नका. झाकण लावून पुन्हा ३० सेकंद थांबा, मग ओढा.